क्रेनभाराच्या इजा

क्रेनने उचललेला भार पडल्याने, झुलल्याने किंवा अंगावर रेलल्याने बांधकाम कामगारांना होणाऱ्या इजा. भार कोसळला की बातमी होते; स्लिंगमध्ये (भार बांधण्याच्या दोरात किंवा पट्ट्यात) चिरडलेल्या बोटांची होत नाही. ‘हाबेस’ (वर घे) आणि ‘आरिया’ (खाली सोड) या जहाजी बोलीतून आलेल्या आरोळ्या अजूनही ऐकू येतात. हात अजून स्लिंगखाली असताना ‘हाबेस’ झाले, तर बोटे जातात.

आपल्याकडे ‘हायड्रा’ क्रेन विशेष धोक्याची. ती भार लटकवूनच चालते. समोरच्या भारामुळे चालकाला रस्ता नीट दिसत नाही आणि भार झुलू नये म्हणून हेल्पर तो हाताने धरून शेजारून चालतो. चाक खड्ड्यात गेले की भार हेलकावतो, हेल्परचा तोल जातो आणि मागून चाक येतच असते. भाराला लांब दोर बांधून तो लांबूनच सावरला, तर माणूस या कचाट्यात सापडत नाही. इतका स्वस्त उपाय टाळण्याला कोणतीही सबब पुरत नाही.

दुसरी चूक स्लिंगच्या कोनाची. एक टन भार दोन पदरी स्लिंगने उचलताना पदर आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील, तर प्रत्येकावर सुमारे ५८० किलो ताण येतो. ३० अंशांत पूर्ण एक टन. आखूड स्लिंग ताणून लावली की ती अशीच पसरट होते.

टांगलेला भार पडला तर हेल्मेट वाचवू शकत नाही. हातपाय बराच वेळ दबून राहिले असतील, तर सुटकेनंतरही धोका टळत नाही : चिरडलेल्या स्नायूंतील पोटॅशियम व मायोग्लोबिन रक्तात उतरून हृदय आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावरील गर्डर लाँचर (पुलाच्या तुळया उचलून बसवणारी क्रेन) सुमारे १०० फुटांवरून कोसळला. २० जणांचा मृत्यू झाला.

इजा झालेल्याला मदत देणाऱ्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडील नोंदणीसाठी मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते. गावाहून नुकताच आलेला हेल्पर त्यात बसत नाही. भरपाईचा हक्क मात्र त्यालाही असतो. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने दिलेला हा हक्क २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे, आणि माणूस ठेकेदाराचा असला तरी भरपाई मूळ मालकाकडे मागता येते.