कॉटचा ग्राफ कसा काढायचा? पुण्यातल्या सावलीवरून समजून घ्या

अकरावीत साइन आणि कॉसचे ग्राफ पटकन जमतात, कारण ती लाट डोळ्यांसमोर असते. कॉटचा ग्राफ मात्र तुकड्या-तुकड्यांत येतो. त्यात शिफ्ट आणि स्ट्रेच आले की गोंधळ ठरलेला. या लेखात आपण एकच पद्धत बघूया, जी अशा प्रत्येक गणिताला चालते.

आधी साधा कॉट

कॉट म्हणजे कॉस भागिले साइन. जिथे साइन शून्य होतो (०°, १८०°, ३६०°...) तिथे भागाकार करता येत नाही. त्या जागी एक उभी रेष मानायची. तिला असिम्प्टोट म्हणतात. ग्राफ तिच्या जवळ जातो, पण तिला टेकत नाही.

दोन असिम्प्टोटच्या मध्ये वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो: ४५° ला १, ९०° ला ०, १३५° ला −१. हाच तुकडा दर १८०° नंतर पुन्हा येतो, म्हणून पिरियड १८०°, रेडियनमध्ये पाय.

कॉट प्रत्यक्षात कुठे दिसतो?

सावलीत. जमिनीवर उभ्या काठीच्या सावलीची लांबी = काठीची उंची × कॉट(सूर्याचा क्षितिजापासूनचा कोन). भारतीय ज्योतिषात त्यासाठी १२ अंगुळं उंचीचा शंकू वापरत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सावलीच्या गणितांचं वेगळं प्रकरणच आहे. कॉट हा शब्द तेव्हा नव्हता, पण गुणोत्तर हेच.

पुण्याचं अक्षांश साधारण १८.५° उत्तर. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली गायब होते. हाच शून्य सावली दिवस.

मेमधला तो दिवस घेऊ. सूर्य तासाला १५° सरकतो असं धरू. पुण्यात तो डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात साधारण १२:३० झालेले असतात, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. वेळ टी तासांत मोजली तर सोपं मॉडेल असं:

सावली = १२ × कॉट(१५ × (टी − ६.५))

चार आकडे, चार कामं

सर्वसाधारण रूप: वाय = ए × कॉट(बी × (एक्स − सी)) + डी

- ए (इथे १२): उभा ताण. याला अॅम्प्लिट्यूड म्हणू नका; कॉट वर-खाली अनंतापर्यंत जातो, त्याला अॅम्प्लिट्यूड नसतोच. ए ऋण असेल तर वक्र उलटून चढता होतो.
- बी (इथे १५): पिरियड बदलतो. बी धन असताना पिरियड = १८० ÷ बी. इथे १२ तास.
- सी (इथे ६.५): आडवी शिफ्ट. पहिला असिम्प्टोट इथेच येतो.
- डी (इथे ०): उभी शिफ्ट. टेपचा शून्य काठीच्या बुडाऐवजी ४ अंगुळं अलीकडे ठेवला, तर प्रत्येक मापात ४ मिळवावे लागतील. तोच डी.

ग्राफ काढायच्या पायऱ्या

१. पहिला असिम्प्टोट: टी = ६.५
२. त्यात पिरियड मिळवा, दुसरा असिम्प्टोट: टी = १८.५
३. बरोबर मध्ये वाय = डी: टी = १२.५ ला सावली ०
४. पहिल्या पाव अंतरावर वाय = डी + ए: टी = ९.५ ला १२
५. तिसऱ्या पाव अंतरावर वाय = डी − ए: टी = १५.५ ला −१२
६. हे तीन बिंदू जोडा आणि टोकं असिम्प्टोटकडे वळवा.

सावली उणे कशी? सकाळी ती पश्चिमेकडे पडते, दुपारनंतर पूर्वेकडे. उणे चिन्ह फक्त दिशा सांगतं.

हे मॉडेल अंदाजे आहे. त्या दिवशी दुपारपासून तीन तास अलीकडे-पलीकडे खरी सावली १२ ऐवजी ११ अंगुळांच्या आसपास भरते. शिवाय मेमध्ये दिवस १२ तासांपेक्षा मोठा असल्याने सूर्योदय-सूर्यास्ताजवळ फरक वाढतो.

इथे मार्क जातात

परीक्षेत हेच फंक्शन कॉट(१५टी − ९७.५) असं येऊ शकतं. मग शिफ्ट ९७.५ नाही! आधी १५ कॉमन काढा: १५ × (टी − ६.५). शिफ्ट ६.५ च.

फोनवर करताना

- बऱ्याच कॅल्क्युलेटर अॅपमध्ये कॉटचं बटण नसतं. टॅनच्या डोक्यावर −१ असलेलं बटण कॉट नाही. ते उलट टॅन आहे, म्हणजे आकडा देऊन कोन काढणारं.
- १ भागिले टॅन चालतं, पण ९०° ला एरर येऊ शकतो, कारण तिथे टॅनच नाही. कॉस भागिले साइन वापरा, उत्तर ० येईल.
- डेस्मॉसमध्ये कॉट थेट टाइप करता येतो. सेटिंगमध्ये डिग्री निवडायला विसरू नका.
- पायथॉनच्या मॅथ मॉड्यूलमध्ये आणि जावास्क्रिप्टच्या मॅथमध्ये कॉट नाही, आणि दोन्हीकडे कोन रेडियनमध्ये द्यावा लागतो.

आता डेस्मॉसमध्ये ए, बी, सी, डी यांचे स्लायडर बनवा आणि एका वेळी एकच हलवा. कोणता आकडा काय करतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पाठ करायला फारसं काही उरत नाही.