सेलमची अ‍ॅन पुटनम : एका माफीचा इतिहास

१/ २५ ऑगस्ट १७०६. मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीतील सेलम व्हिलेजच्या चर्चमध्ये २६ वर्षांची अ‍ॅन पुटनम भर सभेत उभी होती. धर्मगुरू जोसेफ ग्रीन तिचा कबुलीजबाब वाचत होते. निरपराध माणसांच्या मृत्यूला आपण कारण झालो, असे त्यात तिने मान्य केले होते.

२/ चौदा वर्षांपूर्वी, १६९२ मध्ये, ती अवघी १२ वर्षांची होती. गावातील काही मुलींना झटके येऊ लागले आणि वैद्याने चेटकाचा संशय व्यक्त केला. अमुक स्त्रीची छाया आपल्याला चिमटे काढते, गळा दाबते, असे मुली सांगत. ती छाया इतर कोणालाही दिसत नसे. तरीही न्यायालय ही साक्ष ग्राह्य धरत असे.

३/ आरोपींमध्ये ७१ वर्षांच्या रेबेका नर्सही होत्या. ज्यूरींनी प्रथम त्यांना निर्दोष ठरवले. तो निर्णय ऐकताच मुलींनी आक्रोश मांडला. न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावला आणि निकाल उलटला.

४/ या खटल्यांची रीत विलक्षण होती. ‘होय, मी चेटकीण आहे’ असे कबूल करणाऱ्यांचे प्राण वाचले. नाकारणारे फासावर गेले. रेबेका यांनी खोटी कबुली दिली नाही. १९ जुलै १६९२ रोजी त्यांना फाशी झाली. सप्टेंबरमध्ये त्यांची बहीण मेरी ईस्टी हिलाही. एकूण १९ जण फासावर गेले, तर जाइल्स कोरी यांना छातीवर दगड रचून मारण्यात आले.

५/ पुढे पश्चात्तापाला आरंभ झाला. १६९७ मध्ये न्यायाधीश सॅम्युएल सीवॉल यांनी चर्चमध्ये आपला दोष जाहीरपणे स्वीकारला. बारा ज्यूरींनीही क्षमा मागितली. आरोप करणाऱ्या मुलींपैकी मात्र जाहीर माफी मागणारी अ‍ॅन एकटीच.

६/ अ‍ॅनच्या कबुलीत एक मेख आहे. द्वेषाने नव्हे, तर सैतानाच्या भुलावणीमुळे आपण हे केले, असे ती म्हणते. ज्या समजुतीने माणसे मारली, तिचाच आधार माफीलाही घ्यावा लागला. तरीही तिने रेबेका व त्यांच्या दोन बहिणींचा स्पष्ट उल्लेख केला आणि आप्तांची क्षमा मागितली.

७/ चर्चने तिला सभासद करून घेतले. परंतु ज्यांची क्षमा खरोखर हवी होती, त्या रेबेका उरल्या नव्हत्या. त्यांच्यावरील धर्मबहिष्कारही १७१२ मध्येच रद्द झाला. १७१६ मध्ये अ‍ॅन अविवाहितच निवर्तली.

८/ दोषी ठरलेल्यांपैकी एलिझाबेथ जॉन्सन यांचे नाव मात्र शतकानुशतके कलंकितच राहिले. ते २०२२ मध्ये कायद्याने निर्दोष ठरले. त्यासाठी पाठपुरावा केला होता मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेच्या आठवीच्या विद्यार्थ्यांनी. १६९२ मधल्या अ‍ॅनहून थोड्याच मोठ्या मुलामुलींनी.