एक माफी आणि सात कोटींचे भाषण

सात-आठ वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या वाचनालयाने वर्धापनदिनाला मला बोलायला बोलावले. मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले, वाचन जे झाले ते रात्रीचे. त्यामुळे बोलावणे आले याचाच आनंद मोठा. चार दिवस खपून भाषण लिहिले, आरशासमोर म्हणून पाहिले. दुष्काळावर बोलताना मी एक आकडा ठोकून दिला. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ शांतपणे उठले आणि म्हणाले, "हा आकडा कुठं वाचलात, तेवढं सांगा." मला सांगता आले नाही. कुठेतरी ऐकलेले होते, वाक्यात छान बसत होते, म्हणून घेतले होते. त्या प्रश्नाने मला गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे नेले.

गोखल्यांच्या वक्तृत्वावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे पाठांतर, त्यांचे इंग्रजी, संयम, सौम्य भाषा. मला यांत फारसा रस नाही. भाषा पाठांतराने येते, संयम स्वभावात असतो. भाषणाची तयारी म्हणून जे काही असते ते या माणसाने कसे केले, आणि एकदा ते न केल्यामुळे काय भोगले, एवढेच मला पाहायचे आहे.

पुण्यात भाषण ही गोष्ट तेव्हा तशी नवीच. बोलणारे होते ते कीर्तनकार आणि पुराणिक. पूर्वरंगात सिद्धान्त, उत्तररंगात आख्यान, हा साचा श्रोत्यांच्या कानात पक्का बसलेला. कीर्तनकाराला कोणी पुरावा मागत नाही. संतवचन हाच त्याचा पुरावा. १८७५ च्या सुमारास न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या सभेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. माणसांना बोलायला उत्तेजन द्यावे लागत होते, असा तो काळ. पण रानड्यांची खरी शाळा व्यासपीठावर भरत नसे. ती भरे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात. गोखले १८९० मध्ये सभेचे चिटणीस झाले आणि त्रैमासिकाचे कामही त्यांच्याकडे आले. सरकारी अहवाल वाचायचे, गोषवारे काढायचे, अर्ज लिहायचे, रानड्यांच्या हाताखाली ते पुन्हा लिहायचे. असे त्यांचे शिक्षण झाले. फर्ग्युसनमध्ये शिकवणारा पंचविशीतला तरुण मिठाच्या कराची कोष्टके उतरवून काढतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणले की पुढचे बरेच काही उलगडते.

त्याच त्रैमासिकात एक माणूस बिननावाने लिहीत असे. गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी शाळाखात्यातले शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. नोकरी सरकारची असल्याने लेखाखाली सही करण्याची सोय नव्हती. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची त्यांच्याइतकी खोल जाण तेव्हा फार थोड्यांना होती. गोखल्यांच्या जाहीर आयुष्यात हे जोशी सतत पडद्यामागे आहेत.

१८९७ हे वर्ष या गोष्टीच्या मध्यभागी आहे. त्या वर्षी वेल्बी कमिशनपुढे, म्हणजे हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे, साक्ष देण्यासाठी डेक्कन सभेच्या वतीने गोखले लंडनला गेले. वय तीस. वाटेत कॅलेला छातीला दुखापत झाली, ती अंगावर काढली. साक्षीचे लेखी निवेदन जोशी आणि रानडे यांच्या मदतीने तयार झालेले. एप्रिलमध्ये उलटतपासणी झाली. समोर मुरलेले इंग्रज अधिकारी, त्यांचे प्रश्न आडवे-तिडवे. गोखले डगमगले नाहीत. प्रत्येक विधानाखाली सरकारच्याच अहवालातला आकडा होता. तो खोडायचा तर सरकारला स्वतःलाच खोडावे लागले असते.

त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांतली गोष्ट. पुण्यात प्लेगची साथ, गोऱ्या सोल्जरांकडून घरांची झडती. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. लंडनमध्ये गोखल्यांना पुण्यातल्या परिचितांची पत्रे येत होती. त्यांत स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा मजकूर होता. गोखल्यांनी तो पार्लमेंटच्या काही सभासदांपुढे आणि 'मँचेस्टर गार्डियन'मधून जाहीरपणे मांडला. खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारले आणि पुरावा मागितला.

गोखले परत आले तेव्हा टिळकांना अटक होऊन काही दिवसच झाले होते. ती अटक २७ जुलैची. शहर धास्तावलेले. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांच्यापैकी कोणी पुढे यायला, नाव द्यायला तयार होईना. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्या दिवसांत पुण्यात सरकारविरुद्ध साक्षीला उभे राहणे म्हणजे काय होते, याचाही विचार करावा. पत्रलेखकांची नावे उघड करणे गोखल्यांना शक्य नव्हते, आणि नावांवाचून आरोप उभा राहत नव्हता. ऑगस्टच्या सुरुवातीस त्यांनी बिनशर्त माफी मागितली. गव्हर्नरची, प्लेग कमिटीची, सोल्जरांचीसुद्धा. आपल्या लोकांनी त्यांना भित्रा म्हटले, इंग्रजांनी खोटारडा म्हटले.

ती माफी योग्य की अयोग्य, यावर आजही वाद घालता येतो. झडत्यांत लोकांची विटंबना झाली हे खरेच होते. माझे लक्ष मात्र वेगळ्या ठिकाणी खिळते. माणूस तोच, शहर तेच, मध्ये तीन महिने. एप्रिलमधले बोलणे उभे राहिले, जुलैमधले कोसळले. एप्रिलमध्ये मागे जोशींची टिपणे होती, जुलैमध्ये पत्रे होती आणि संताप होता. संताप खोटा नव्हता. पण "हे कुठं वाचलंत" या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे १९०१ च्या जानेवारीत रानडे गेले. त्याच वर्षी फिरोजशहा मेहतांच्या जागी गोखले वरिष्ठ कायदेमंडळात निवडून गेले. या कायदेमंडळाची रीत आज चमत्कारिक वाटेल. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येई, पण ठराव मांडता येत नसे, मतदान तर नाहीच. म्हणजे भाषणाने काही बदलण्याची सोयच नव्हती. बरेच सभासद लिहून आणलेले वाचीत, अर्थमंत्र्याचे अभिनंदन करीत आणि बसत. अर्थसंकल्प मांडल्यापासून चर्चेपर्यंत हाताशी थोडेच दिवस असत.

गोखल्यांनी आधीपासून जोशींना पत्रे लिहून टिपणे आणि आकडे मागवले. माझा तर्क असा, की भाषणाचा सांगाडा कलकत्त्याला जाण्यापूर्वीच उभा असावा. मागच्या वर्षांचे आकडे बदलणार नव्हते, नवे तेवढे जागच्या जागी बसवायचे होते. हिशेबनीस वर्षअखेरीचा ताळेबंद असाच करतो.

२६ मार्च १९०२. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांच्या अंदाजपत्रकात सात कोटी रुपयांची शिल्लक. सगळे अभिनंदन करताहेत आणि गोखले पहिल्याच वाक्यात सांगतात, की या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही. नुकताच दुष्काळ होऊन गेलेला आहे, लोक कसेबसे जगताहेत आणि तिजोरी मात्र ओसंडते आहे. प्रजेची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा एकमेकींशी मेळ नाही, हा त्यांचा मुद्दा.

मग ते शिल्लक आली कुठून ते उलगडतात. इथे थोडा हिशेब वाचकांनी सोसावा. विलायतेला पाठवायचा पैसा पौंडांत द्यावा लागे. रुपयाचा भाव घसरून १८९४-९५ मध्ये तेरा पेन्सांवर आला होता, तेव्हा एका पौंडासाठी साडेअठरा रुपयांच्या आसपास मोजावे लागत. पुढे सरकारने रुपया सोळा पेन्सांवर चढवला. आता तोच पौंड पंधरा रुपयांत. पण पडत्या रुपयाच्या काळात ओढाताण आहे म्हणून जे कर वाढवले होते, ते तसेच राहिले. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांचा अडीच झाला, तो अडीचच. गरज गेली, कर राहिला, त्याचीच ही शिल्लक. लोकांच्या समृद्धीची ती खूण नव्हे.

सबंध भाषणात सरकारला चोर म्हटलेले नाही. तसे म्हणण्याची गरजही उरत नाही. ऐकणारा स्वतःच त्या ठिकाणी येऊन पोहोचतो. शेवटी मागण्या मोजक्या आणि मोजमापाच्या: मिठावर मणामागे आठ आणे कमी करा, प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजारावर न्या, देशी गिरण्यांच्या कापडावरची जकात काढा.

मला हे भाषण वाचताना कीर्तनाची आठवण येते. क्रम मात्र उलटा आहे. आख्यान आधी, म्हणजे हे रुपयाचे आख्यान, आणि सिद्धान्त त्यातून मागाहून निघतो. संतवचनाच्या जागी सरकारी अहवाल. गोखल्यांनी हे मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही, पण पुण्यात वावरलेल्या माणसाच्या कानात ती चाल असणार.

पुढच्याच वर्षी, १९०३ च्या अर्थसंकल्पात, मिठाचा कर आठ आण्यांनी उतरला आणि प्राप्तिकराची मर्यादा हजारावर गेली. हे एका भाषणाने झाले असे मानणारे चरित्रकार आहेत, मी त्यांच्यात नाही. तिजोरीच इतकी भरली होती, की काहीतरी सोडणे भाग होते. पण काय सोडायचे, ती यादी मांडलेली होती, आणि तिच्यातला एकही आकडा कोणाला खोडता आला नव्हता. कापडावरची जकात जायला १९२६ साल उजाडले. तोवर गोखल्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती.

गणेश व्यंकटेश जोशी १९११ मध्ये वारले. दुसऱ्याच वर्षी त्यांचे लेख आणि भाषणे एका जाड इंग्रजी ग्रंथात निघाली. सध्या माझ्या टेबलावर तो ग्रंथ डाव्या हाताला आणि गोखल्यांची भाषणे उजव्या हाताला असतात. कोष्टकामागून कोष्टक मी पडताळून पाहतो आहे. वाचनालयातल्या त्या गृहस्थांना द्यायचे उत्तर अजून सापडलेले नाही. माझा तो आकडा कुठेच मिळत नाही.