मूत्रमार्गसंसर्ग, वार्धक्यातील : प्रतिबंध (नांदेड व लातूर जिल्हे)

मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय व मूत्रोत्सर्गमार्ग यांपैकी कोणत्याही भागात जंतूंचा शिरकाव होऊन जो दाह उत्पन्न होतो त्यास मूत्रमार्गसंसर्ग म्हणतात. त्यातील जळजळीस बोलीत ‘उन्हाळी लागणे’ असे नाव आहे. बहुसंख्य रुग्णांत त्याचे कारण आतड्यात सहजच वसणारा, १८८५ साली टेओडोर एशेरिख यांनी वर्णिलेला, ई. कोलाय हा जंतू असतो.

कारणे : ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा ऱ्हास होऊन योनिमार्गातील संरक्षक जंतू कमी होतात, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने मूत्राशय पुरता रिकामा होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतूंस वाढण्यास अवसर मिळतो. मधुमेह, जुनाट बद्धकोष्ठ, पक्षाघाताने आलेले परावलंबित्व व लघवीसाठी बसविलेली नळी ही उभयतांस समान असणारी कारणे होत.

प्रादेशिक परिस्थिती : गोदावरीकाठचे नांदेड आणि मांजरा धरणावर विसंबलेले लातूर येथे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. २०१६ च्या दुष्काळात मांजरा कोरडे पडून, पाणी भरण्याच्या ठिकाणी मार्च महिन्यात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला व १२ एप्रिल रोजी मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातुरास आली. असा प्रसंग विरळा असला, तरी टंचाईच्या दिवसांत घरातील वृद्ध माणूस आपल्या वाट्याचे पाणी नातवंडांसाठी राखतो. शौचालय अंगणापलीकडे असेल, गुडघे साथ देत नसतील आणि मुले-सुना ऊसतोडीस गेल्यामुळे रात्री आधार देणारे कोणी नसेल, तर सायंकाळपासूनच तो पाणी वर्ज्य करतो व आलेली लघवी दाबून धरतो. म्हणून या प्रदेशात प्रतिबंधाची पहिली तजवीज घरातील व्यवस्थेची आहे.

उपाय : तहान लागण्याची वाट न पाहता दिवसभर थोडेथोडे पाणी द्यावे आणि त्यातील बहुतांश सायंकाळपूर्वी संपवावे. वारंवार संसर्ग होणाऱ्या, ऋतुनिवृत्ती न झालेल्या १४० स्त्रियांवरील व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज दीड लिटर अधिक पाणी पिणाऱ्या गटात वर्षाकाठी सरासरी १.७, तर इतर गटात ३.२ वेळा संसर्ग झाला. वृद्धांस तोच आकडा जसाच्या तसा लागू करता येत नाही, तरी शुष्कता टाळण्याचे तत्त्व त्यांसही हितकर आहे. हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असणाऱ्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. धने-जिऱ्याचे पाणी किंवा पातळ ताक यांचा लाभ मुख्यतः पोटात जाणाऱ्या पाण्याचा असतो. मधुमेही माणसास साखरेचे सरबत देऊ नये.

खाटेजवळ भांडे, वाटेत दिवा व शौचालयात धरावयास कठडा असावा. दर तीन-चार तासांनी लघवीस जाण्याची सवय लावावी. शौचानंतर पुढून मागे स्वच्छता करावी, लंगोट भिजताच बदलावा, बद्धकोष्ठ व रक्तशर्करा आटोक्यात ठेवावी. ऋतुनिवृत्त स्त्रियांस वारंवार संसर्ग होत असल्यास योनिमार्गात लावावयाचे इस्ट्रोजेन मलम वैद्यकीय सल्ल्याने उपयोगी पडते. नळी घातल्यापासून दर दिवशी सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू आढळू लागतात. यास्तव ती केवळ शुश्रूषेच्या सोयीसाठी ठेवू नये, आणि ठेवावीच लागल्यास पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली व जमिनीपासून अधांतरी असावी.

अनावश्यक औषधोपचार : लघवीत जंतू सापडणे म्हणजे रोग होणे असे नव्हे. उतारवयात, विशेषतः स्त्रियांत, कोणतेही लक्षण नसताना जंतू पुष्कळदा आढळतात आणि त्यांस प्रतिजैविक देण्याची गरज नसते. लघवीचा गढूळ रंग वा उग्र वास एवढ्यावरून औषध सुरू करू नये. केवळ गोंधळलेपणा दिसल्यास शुष्कता, बद्धकोष्ठ वा चालू औषधांचा परिणाम हीदेखील कारणे तपासावीत. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या एच-१ अनुसूचीनुसार कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीस चिठ्ठी लागते व विक्रेत्यास त्यांची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते. तरीही जुन्या चिठ्ठीवरील उरलेल्या गोळ्या घरच्या घरी देण्याची रीत जंतूंस औषधाला न जुमानण्याचे बळ देते.

थंडी वाजून ताप, कुशीत वेदना, रक्तमिश्रित लघवी, लघवी तुंबणे किंवा ग्लानी यांपैकी काही दिसल्यास विनाविलंब इस्पितळ गाठावे. नांदेडजवळील विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही या भागातील मोठी सरकारी रुग्णालये होत. लक्षणे असताना प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्यापूर्वी शक्यतो लघवीचा नमुना जंतुसंवर्धन तपासणीसाठी द्यावा, म्हणजे औषध अंदाजाने न निवडता जंतूच्या प्रकारानुसार निवडता येते.