मोडीचा भाव

मागच्या दिवाळीत कोल्हारच्या घरी माळा आवरताना आजीचं तांब्याचं घंगाळ खाली काढलं. दारात आलेल्या भांडीवाल्याने ते काट्यावर ठेवलं आणि मोडीचा भाव सांगितला. सव्वापाच किलो गुणिले दर, विषय संपला. मी फोनवर शोधलं, तर असलीच घंगाळं ‘अँटिक’ म्हणून कितीतरी पट किमतीला विकायला होती. मग खरी किंमत कोणती?

या प्रश्नाचं मोठं उदाहरण आमच्याच नदीवर आहे. कोल्हारवरून गेलेली प्रवरा खाली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादजवळून वाहते. तिथलं प्राचीन वसतिस्थान बी. पी. बोपर्डीकरांनी १९५८ मध्ये शोधलं. १९७४ मध्ये तिथेच झाडाचं मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार धातुशिल्पं सापडली. दोन बैल जुंपलेला ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ आणि त्यात उभा माणूस. शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळी भरीव ओतलेली, एकूण वजन ६० किलोंहून जास्त. काट्याच्या हिशोबाने ती ६० किलो मोडच. आज त्यांतली काही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

पण संग्रहालयात पोचूनही त्यांचं वय वादातच राहिलं. म. के. ढवळीकर, एस. आर. राव अशा अभ्यासकांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली. डी. पी. अग्रवालांनी धातूची तपासणी पाहून शंका घेतली: यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, त्या काळच्या इतर वस्तूंत असा मिश्रधातू दिसत नाही, म्हणून ही शिल्पं बरीच नंतरची असू शकतात.

हा वाद धातूवरून दिसतो, पण त्याचं मूळ जागेत आहे. एस. ए. साळी यांच्या उत्खननात दायमाबादला एकावर एक पाच संस्कृतींचे थर मिळाले. शिल्पं शास्त्रीय उत्खननात त्यांतल्या एखाद्या थरातून निघाली असती, तर सोबतच्या खापरांनी आणि कोळशाने त्यांचं वय सांगितलं असतं. ती मूळ खणताना निघाली, आणि हा पुरावा हातचा गेला.

जुन्या बाजारातल्या वस्तूलाही हाच नियम लागू होतो. तांब्याच्या भांड्यावर ठोक्यांच्या खुणा, डाक, झिजलेली कड पाहावी. ओल्या बोटाने पुसून जाणारा हिरवा रंग बहुधा मुद्दाम चढवलेला असतो. चिंच किंवा आम्लाने घासून लखलखीत केलं, की वर्षानुवर्षं चढलेला थर जातो आणि वय ओळखायची एक खूण कमी होते. पण सगळ्यात आधी विचारावं: हे कुठून आलं, कोणाकडे होतं?

आमच्या घंगाळाने याचं उत्तर स्वतःच दिलं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरली होती: आजीचं लग्न, १९६१, मामाकडून भेट. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत होतीच. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अशी वस्तू ‘पुरावस्तू’ ठरायला किमान शंभर वर्षं लागतात, म्हणजे हे घंगाळ त्यात बसत नाही. फोनवरचा भाव त्या एका शब्दाचाच होता. पण आजीच्या मामाने १९६१ साली भाचीला काय दिलं, याचा दुसरा कागद आमच्या घरात नाही.

बाबांनी विचारलं, “ठेवायचं कुठे?” मी म्हटलं, माझ्या खोलीत.

घंगाळाच्या आधी त्या दिवशी चार भांडी काट्यावर चढली होती. त्यांचे पैसे मीच मोजून घेतले. काठाखाली काय लिहिलंय, ते पाहिलं नव्हतं.