पाच वस्तूंचा पेला

घरी आलेल्या पाहुण्याच्या हाती प्रथम काय ठेवले जाते, यावरून त्या घराची रीत ओळखता येते. आपल्याकडे गूळ-पाण्याने पाहुण्याचे स्वागत होत असे. पुढे कैरीचे पन्हे आले, लिंबाचे सरबत आले आणि नागपुरात संत्र्याचा रस आला. अलीकडे नाताळ, लग्नाचा वाढदिवस किंवा परदेशातून मुलगा घरी आल्याचे निमित्त साधून काही घरांत ‘मार्गारिटा’ नावाच्या मेक्सिकन पेयाचे पेलेही फिरू लागले आहेत. पेल्याच्या कडेला मीठ, आत लिंबाचा आंबटपणा आणि वर बर्फ असे हे पेय करायला सोपे, दिसायला देखणे. वडीलधारी मंडळी त्याकडे परदेशी थेर म्हणून पाहतात, तर तरुणांना ते आधुनिकतेचे लक्षण वाटते. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो. या पेल्याचे पूर्वज आपल्याच किनाऱ्यावर जन्मले होते, आणि आपल्या घराला उपयोगी पडेल असा एक धडाही त्या इतिहासात आहे.

मार्गारिटाचे मुख्य घटक तीन : टकिला हे मेक्सिकन मद्य, संत्र्याच्या सालीच्या स्वादाचे गोड मद्य आणि लिंबाचा रस. हे पेय प्रथम कोणी केले याविषयी मेक्सिकोत आणि अमेरिकेत अनेक कथा प्रचलित आहेत. मात्र १९३७ साली लंडनमध्ये छापल्या गेलेल्या एका पेय-पुस्तकात हेच तीन घटक ‘पिकाडोर’ या नावाखाली आढळतात, आणि १९५३ च्या डिसेंबरमध्ये ‘एस्क्वायर’ या अमेरिकन मासिकाने मार्गारिटा हे नाव घेऊन त्याची कृती दिली. स्पॅनिश भाषेत मार्गारिटा म्हणजे डेझीचे फूल. आणि मद्य, आंबट रस व गोड अर्क यांच्या मिश्रणाला अमेरिकेत त्याआधीपासून ‘डेझी’ असेच म्हणत असत. म्हणजे नाव मेक्सिकन झाले, तरी कुळ जुनेच होते.

आता या घटकांची जन्मस्थाने पाहा. लिंबू मूळचे आशियातले. अरब व्यापाऱ्यांनी ते पश्चिमेला नेले आणि स्पॅनिश लोकांनी ते अमेरिकेत पोहोचवले. संत्र्याच्या कुळाचेही तेच. संस्कृतातील ‘नारंग’ हा शब्द फारसी-अरबी मार्गाने स्पेनमध्ये ‘नारांहा’ झाला आणि पुढे इंग्रजीत ‘ऑरेंज’. गोडव्यासाठी लागणाऱ्या साखरेच्या युरोपीय नावांमागेही आपली ‘शर्करा’च उभी आहे. खास मेक्सिकोची म्हणावी अशी वस्तू एकच, आणि ती म्हणजे टकिला ज्या वनस्पतीपासून गाळतात ती घायपाताच्या जातीची वनस्पती. तीही पुढे आपल्याकडे आली. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

हे घटक एकत्र करण्याची कल्पनाही आपल्या भूमीशी जोडलेली आहे. सतराव्या शतकात सुरत, गोवा आणि मुंबई येथे व्यापारासाठी आलेल्या इंग्रजांजवळ मायदेशाहून आणलेली बिअर व वाइन फार काळ टिकत नसे. त्यांनी येथली ताडा-माडाची दारू जवळ केली आणि तिची तीव्रता कमी करण्यासाठी तीत लिंबाचा रस, साखर, पाणी आणि जायफळासारखा मसाला मिसळला. या मिश्रणास ते ‘पंच’ म्हणू लागले. हा शब्द इंग्रजी लेखनात १६३२ सालच्या एका पत्रात आढळतो. १६३८ साली सुरतेस आलेल्या मँडेल्स्लो या जर्मन प्रवाशानेही अशाच पेयाची नोंद केली आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७३ साली मुंबईत आला. जुन्नरपर्यंतही तो जाऊन आला. त्याच्या प्रवासवर्णनात गोव्यातील नेरुळ गावच्या उत्तम दारूचा उल्लेख आहे. तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज पंच करतात, आणि हिंदुस्थानी भाषेत पाच या अर्थाचा हा शब्द त्यातील पाच वस्तूंवरून पडला आहे, असे तो सांगतो. त्याच वाक्यात हे पेय माणसाची शक्ती हरण करते, असेही तो नोंदवतो. वैद्याची नजर होती ती!

पाच वस्तूंत मद्य ही केवळ एक वस्तू होती. बाकीच्या चार वस्तू तिला सौम्य करण्यासाठी होत्या. परंतु मोठे भांडे मध्यभागी ठेवून त्याभोवती बसलेल्या मंडळींना थांबावे कोठे हे कळेनासे होई. दोन पावसाळे हेच मुंबईत आलेल्या इंग्रजाचे आयुष्य, अशी म्हण त्या काळी रूढ झाली होती. येथली हवा त्याला कारण होतीच. पण त्या काळच्या लेखकांनी आपल्या देशबांधवांच्या असंयमालाही दोष दिला आहे.

याच किनाऱ्यावरील मराठी बोलणाऱ्या आपल्या बांधवांनी मात्र ही कल्पना अधिक शहाणपणाने वापरली. मुंबई, ठाणे, साष्टी भागातील ईस्ट इंडियन समाजात बारसे, लग्न अशा प्रसंगी ‘खिमड’ देण्याची प्रथा आहे. गावठी दारू, पाणी, साखर आणि मसाले यांचे हे ऊन मिश्रण लहानशा पेल्यातून दिले जाते. खिमड हे पंचाचेच नात्यातले पेय होय. पण ते प्रसंगाशी बांधलेले आहे. बाळाच्या बाप्तिस्म्याचा आनंद साऱ्या गोताने वाटून घ्यावा, हा त्यातील हेतू. पेला लहान, तो देणारे हात घरातले आणि घेणाऱ्यावर वडीलधाऱ्यांची नजर.

किनाऱ्यावरून आता विदर्भाकडे वळू. नागपूरकर ज्या भागाला नुसते ‘बर्डी’ म्हणतात, ती सीताबर्डी इंग्रजांच्या नागपुरातील वास्तव्याचे आरंभीचे ठिकाण. येथील टेकड्यांच्या पायथ्याशी इंग्रज रेसिडेंटची वसाहत होती, आणि २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याशी येथेच निर्णायक लढाई झाली. रेसिडेन्सीबरोबर इंग्रजी मेजवान्यांची रीतही या शहरात आली. १८६७ साली रेल्वे आली. तिच्या नोकरीनिमित्ताने अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि दक्षिणेकडील ख्रिस्ती कुटुंबे येथे स्थिरावली. १८८७ साली नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली. किनाऱ्यावरचा नाताळ आणि त्याचा पाहुणचार अशा रीतीने संत्र्यांच्या प्रदेशात येऊन पोहोचला.

त्या संत्र्यालाही इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी औरंगाबादहून कलमे आणविली, अशी परंपरा सांगते. आज काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागांत त्याच्या बागा पसरल्या आहेत. अंबिया बहाराची फळे दिवाळी-नाताळाच्या सुमारास, तर मृग बहाराची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येतात. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. घायपातही येथे परका राहिला नाही. रेल्वेमार्गाच्या कडेला आणि शेतांच्या बांधावर कुंपण म्हणून त्याची लागवड झाली आणि दख्खनच्या कोरड्या मातीत तो रुजला. त्याचा मद्यासाठी उपयोग होऊ शकेल हे बराच काळ कोणाच्या ध्यानी आले नव्हते. डेस्मंड नाझरेथ यांनी आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात दख्खनी घायपातापासून मद्य गाळण्याचा उद्योग उभारला, आणि २०११ साली ते गोव्यात विक्रीस आले. त्याला टकिला मात्र म्हणता येत नाही, कारण ते नाव कायद्याने मेक्सिकोतील ठरावीक प्रदेशासाठी राखीव आहे.

येथवरचा इतिहास रंजक आहे. परंतु विदर्भात मद्याचा विषय केवळ रंजनाचा कधीच नव्हता. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ सालीच दारूबंदीचा कायदा झाला. पुढे मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा १९५९ साली विदर्भाला लागू करण्यात आला. धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला त्यात वाट ठेवलेली होती, हे आपण जाणतोच. गांधीजींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठवली गेली. या बंदीमागे ग्रामीण स्त्रियांचे बळ होते. ज्यांच्या घरची चूल दारूने विझली होती अशा स्त्रिया हिवाळी अधिवेशनाच्या वेळी मोर्चाने नागपुरात येत. विधानभवनाकडे जाणारे मोर्चे सीताबर्डीच्याच परिसरात अडवले जातात. ज्या टेकडीच्या पायथ्याशी एके काळी परक्या सत्तेच्या मेजवान्या झडल्या, तेथेच या स्त्रियांनी आपले गाऱ्हाणे मांडले. कायद्याने दारू सुटते की चोरट्या वाटेने वाहू लागते, याविषयी मतभेद असतील. त्या स्त्रियांच्या दुःखाविषयी मतभेद असू शकत नाही.

ख्रिस्ती घराला हा विचार अधिकच करावा लागतो. हिंदी चित्रपटाने आपल्या माणसाच्या हाती वर्षानुवर्षे बाटली दिली आणि शेजाऱ्यांनी ती खरी मानली. हे चित्र अन्यायाचे आहे, असे आपण म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण त्याचे उत्तर लेखांतून नव्हे, आपल्या बैठकीच्या खोलीतून द्यावे लागेल. काना गावच्या लग्नात द्राक्षारस दिला गेला, हे आपण हौसेने सांगतो. बेन सिराच्या ग्रंथात द्राक्षारसाच्या आनंदाबरोबर त्याच्या मर्यादेचाही उपदेश आहे, हे सांगायचे राहून जाते.

येथे मापाचा थोडा हिशेब करू. मार्गारिटाच्या मान्य प्रमाणात ५० मिलिलिटर टकिला, २० मिलिलिटर संत्र्याचे मद्य आणि १५ मिलिलिटर लिंबाचा रस असतो. म्हणजे ८५ पैकी ७० मिलिलिटर मद्यच. पंचात पाचांतली एक असलेली वस्तू या पेल्यात चार-पंचमांशांहून अधिक झाली. शिवाय आंबट, गोड आणि खारट या तीन चवींखाली तिची तीव्रता झाकली जाते. पाहुण्याला आपण काय प्यालो हे उठून उभे राहिल्यावर कळते, आणि त्याला गाडी चालवत घरी जायचे असते.

म्हणून घरच्या पाहुणचारासाठी जुन्या पंचाकडे परतणे शहाणपणाचे ठरेल. सहा माणसांसाठी दहा-बारा नागपुरी संत्री घ्यावीत. रस हाताने काढावा. बिया चिरडू देऊ नयेत, कारण त्यांनी रस कडवट होतो. संत्र्याचा रस नुसता ठेवला तरी हळूहळू कडू होतो, तेव्हा पाहुणे आल्यावरच तो काढावा. संत्रे गोड असल्याने त्यात तीन-चार लिंबांचा रस आणि चवीपुरता साखरेचा पाक घालावा. पेल्याच्या कडेवर लिंबाची फोड फिरवून तो बशीतील बारीक मिठात उलटा टेकवावा. मिठात चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड मिसळल्यास आपली चव येते. मग बर्फ, रस आणि वर थोडा सोडा. हा पेला आजीपासून नातवापर्यंत सर्वांना एकाच तबकातून देता येतो.

ज्यांना त्यात मद्य हवे असेल त्यांनी ते पाचांतले एकच राहील हे पाहावे, माप डोळ्यांनी नव्हे तर मापानेच घ्यावे, आणि दुसरा पेला भरण्यापूर्वी जेवण वाढावे. आपल्या राज्यात अशा मद्यासाठी परवाना लागतो आणि पंचवीस वर्षांखालील कोणालाही ते देता येत नाही, याचाही विसर पडू नये. नको म्हणणाऱ्या पाहुण्याला तर कधीच आग्रह करू नये. जेवणाच्या पंगतीत आग्रह शोभतो, या पेल्याला तो शोभत नाही.

पंच करणाऱ्या इंग्रजाने आपल्याकडून लिंबू घेतले, साखर घेतली, ‘पाच’ हा शब्दही घेतला. एक मर्यादा तेवढी त्याने घेतली नाही, आणि तिच्याविना त्याचे अनेक तरुण मुंबईच्या मातीत मिसळले. तोच पेला आता नाव बदलून आपल्या घरी परत आला आहे. त्याचे स्वागत करताना मर्यादाही त्याच्याबरोबर तबकात ठेवली, तर पाहुणा तृप्त होऊन जाईल आणि त्याच्या घरी वाट पाहणारी माणसेही आपल्याला दुवा देतील.