किक्कुलीचे अश्वशिक्षण आणि शब्दांची साक्ष

एखाद्या व्यवसायातील पारिभाषिक शब्दांवरून तो व्यवसाय करणाऱ्यांची बोलभाषा ठरविता येते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात एका प्राचीन अश्वशिक्षणग्रंथाच्या आधारे करावयाचा आहे. मितन्नी देशातील किक्कुली नामक अश्वशिक्षकाच्या नावाने हित्ती भाषेत लिहिलेली मृत्तिकाफलके हाच तो ग्रंथ होय. भाषाशास्त्राच्या वर्गात त्याचा उल्लेख वारंवार होतो. परंतु तो बहुधा त्यातील पाच संख्यावाचकांपुरताच. ज्या घोड्यांसाठी ते शब्द वापरले गेले, त्यांच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे हे शब्द विद्यार्थ्यांना ग्रंथापासून तोडूनच शिकविले आणि त्यांतून अधिक मोठे अनुमान काढले. त्या अनुमानाची दुरुस्ती करणे अवश्य वाटते.

तुर्कस्तानातील बोगाझकोय हे हित्तींच्या हत्तुशा या राजधानीचे स्थान. तेथे ह्यूगो विंकलर याने १९०६ मध्ये उत्खननास प्रारंभ केला. पुढे बेद्रिख ह्रोझनी याने १९१५ मध्ये हित्ती भाषेचा उलगडा केला, आणि आनेलीस कामेनहूबर या विदुषीने १९६१ मध्ये हित्ती अश्वविद्येचे साहित्य एकत्र संपादून प्रसिद्ध केले. किक्कुलीच्या ग्रंथाची मूळ रचना सामान्यतः इ.स.पू. पंधराव्या वा चौदाव्या शतकातील मानली जाते.

ग्रंथाचे स्वरूप दैनंदिनीसारखे आहे. रथाच्या घोड्यांना सुमारे सात महिने कसे तयार करावे, याचा दिवसावार क्रम त्यात दिलेला आहे. आज किती अंतर दुडक्या चालीने न्यावयाचे, किती अंतर भरधाव सोडावयाचे, केव्हा सोडून ठाणावर आणावयाचे, नदीवर केव्हा धुवावयाचे, जव आणि भुसा किती घालावयाचा, हे सारे मोजून सांगितलेले आहे. आरंभीच्या एका टप्प्यात घोड्यांना उबदार तबेल्यात झुली घालून उभे करावे, ते अस्वस्थ होऊन घामाघूम झाले म्हणजे झुली काढाव्या, आणि त्यांना मिठाचे व मोड आणलेल्या धान्याचे पाणी पाजावे, असा विधी आहे. अंतरे क्रमाक्रमाने वाढतात; काही दिवस श्रमाचे, तर काही विश्रांतीचे असतात.

या शिक्षणात कठोरपणा नाही असे नव्हे. पहिल्या दिवसांत दाणा-पाणी आखडते असते, आणि जे जनावर हे सोसत नाही ते पुढे उपयोगी पडावयाचे नाही, हा त्यामागील हिशेब उघड दिसतो. स्नेह किंवा विश्वास यांविषयी ग्रंथात शब्दही नाही. तथापि घाम कधी फुटला, घोडा कधी चुळबुळू लागला, यावर पुढील कृती अवलंबून ठेविणारा शिक्षक जनावराचे अहोरात्र निरीक्षण करीत होता, यात शंका नाही. जे किक्कुलीने नुसते करून दाखविले, त्याचे कारण सुमारे एक सहस्र वर्षांनंतर ग्रीक लेखक झेनोफोन याने आपल्या अश्वारोहणावरील ग्रंथात स्पष्ट केले. घोड्याशी रागाने वागू नये, कारण बळजबरीने करविलेल्या कृतीत घोड्याची समज नसते, असे त्याचे प्रतिपादन आहे. दोघांच्याही पद्धतीत घोडा आणि माणूस यांचे साहचर्य नित्याच्या सेवेतून घडते.

आता शब्दांकडे वळू. फेऱ्यांची संख्या सांगताना किक्कुली अइकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न आणि नवर्तन्न असे शब्द योजतो. एक, तीन, पाच, सात व नऊ या संख्या आणि ‘वर्तन’ हा शब्द त्यांत सहज ओळखू येतात. ‘अइक’ विशेष महत्त्वाचा. कारण इराणी शाखेत या संख्येला ‘क’ प्रत्ययाचे रूप नाही, आणि वैदिक ‘एक’मध्ये संकोचलेला संयुक्त स्वर येथे उघडा राहिला आहे. ‘नवर्तन्न’मध्ये लागोपाठ आलेल्या दोन ‘व’कारांपैकी एकाचा लोप झाला आहे. ‘सत्त’ पाहून मात्र प्राकृताची किंवा मराठी ‘सात’ची घाई करू नये, हा शब्द हुर्री जिभेवरून आणि हित्ती लेखकाच्या हातून आपल्यापर्यंत पोचला आहे.

यावरून मितन्नी देशात त्या काळी भारतीय-आर्य भाषा बोलली जात होती, असे सिद्ध होते काय? होत नाही. मितन्नीची प्रमुख भाषा हुर्री होती, आणि किक्कुलीच्या ग्रंथातही हुर्री संज्ञा आहेत. चौदाव्या शतकातील हित्ती-मितन्नी तहात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य यांची नावे साक्षी म्हणून येतात हे खरे. पण देवनामे, राजनामे आणि घोड्यांच्या फेऱ्या एवढ्यातच हा शब्दसंचय मुख्यतः सामावतो. पूर्वी केव्हातरी त्या भाषेच्या भाषकांशी निकटचा संबंध आला होता, इतकेच त्यावरून निश्चित म्हणता येईल.

या मर्यादेचे प्रमाण आपल्या भाषेतही आहे. लगाम, जीन, रिकीब, नाल, चाबूक, खोगीर हे शब्द फारसीतून मराठीत आले. शिलेदार आणि बारगीरही तसेच. सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे पखालजी व नालबंद नेमण्याची शिवकालीन व्यवस्था नोंदविलेली आहे. त्या पागेतील माणसे आपसांत फारसी बोलत नव्हती. राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा उपक्रम केला, तरी लगाम लगामच राहिला. उलट दिशेचेही उदाहरण आहे: अश्ववैद्यकाचा परंपरागत आचार्य शालिहोत्र याच्या नावावरून हिंदुस्थानीत घोड्यांच्या वैद्यास ‘सलोत्री’ म्हणू लागले. शब्द विद्येबरोबर प्रवास करतात, आणि विद्या ज्याला घोडा राखावयाचा आहे त्याच्याकडे जाते.

अइकवर्तन्नाचे महत्त्व याने उणावत नाही. भारतीय-आर्य शाखेच्या शब्दांचा इतका प्राचीन लेखी पुरावा अन्यत्र नाही. परंतु तो शब्द मूलतः एका शिक्षकाने आपल्या घोड्याच्या फेऱ्या मोजण्यासाठी वापरला होता. विद्यार्थ्यांनी संख्यावाचकांची यादी पाठ करण्यापूर्वी निदान एका दिवसाचा क्रम मुळापासून वाचावा. मग त्या शब्दांकडून किती साक्ष मागावयाची, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.